ऑर्बिटमधला कचरा रडारने बघायचाय? आधी लॅपटॉपवर एवढं करा

आमच्या बडोद्यात दांडिया बाजारातल्या दोन-तीन पोरांनी फायनल इयरला हाच विषय घेतलाय, सॅटेलाइटवर रडार लावून दुसरे सॅटेलाइट आणि कचरा पकडायचा, जमलं तर फोटोपण. त्यांना जे सांगितलं तेच इथे टाकतोय. हे सगळं लॅपटॉपवरचं सिम्युलेशन आहे, पायथॉन येत असलं की बस.

आधी फ्रिक्वेन्सी. तुकड्याचा घेर रडार लहरीच्या वेव्हलेंग्थपेक्षा लहान झाला की इको (आपटून परत येणारा सिग्नल) धाडकन पडतो. १ सेंमीच्या गोळीचा घेर साधारण ३ सेंमी, म्हणून १० गीगाहर्ट्झ घ्या, त्याची वेव्हलेंग्थ ३ सेंमीच. वर पाऊस-ढग नाहीत त्यामुळे ९४ गीगाहर्ट्झ पण चालेल, पण आत्ताच ती हौस नको.

मग अंतर. इको अंतराच्या चौथ्या घाताने घटतो, १० किमीचे १०० किमी झाले की सिग्नल दहा हजारपट कमी, तेव्हा ५० किमी धरा.

आता खरी गंमत. समजा तुकडा समोरून आडवा १० किमी/सेकंदने चाललाय आणि बीम १ डिग्रीचा आहे, तर तो ०.०९ सेकंदात बाहेर! सेकंदाला २००० पल्स सोडल्या तरी जेमतेम १७० त्याच्यावर पडतात, त्यांचे सगळे इको फेज जुळवून (लहरींचे चढ-उतार एकावर एक आणून) बेरीज करा तेव्हा कुठे तो नॉइजमधून, म्हणजे रिसीव्हरच्या खरखरीतून, वर येतो.

फोटोला हे पुरत नाही. १ गीगाहर्ट्झ बँडविड्थ (पल्समधल्या फ्रिक्वेन्सींचा पट्टा) घेतली की अंतराच्या दिशेत १५ सेंमीचा बारकावा मिळतो, ते सोपं आहे. आडव्या दिशेत तेवढंच हवं तर बघायचा कोन साधारण ६ डिग्री बदलायला हवा, म्हणजे अर्धा सेकंद बीम त्याच्या मागे फिरवायचा, आणि तेवढ्यात अंतर ६२ मीटरने सरकतं, म्हणजे १५ सेंमीचा एक कप्पा (रेंज सेल) धरला तर चारशेच्या वर कप्पे! हे अलाइन न करता एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारं गणित) मारली तर नुसता चिखल दिसतो. आधी रेंज अलाइनमेंट (सगळ्या पल्सचे इको एकाच कप्प्यात आणणं), मग ऑटोफोकस (उरलेली फेजची चूक काढणं), शेवटी एफएफटी, क्रम बदलू नका.

टेस्टसाठी ३० सेंमी अंतरावर दोन पॉइंट ठेवा, वेगळे दिसले की कोड बरोबर. मग नॉइज टाका.

आणि १ सेंमीच्या तुकड्याचा फोटो मागू नका, तो ठिपकाच येणार. फोटोसाठी एन्व्हिसॅट या युरोपच्या बंद पडलेल्या सॅटेलाइटसारखं धूड घ्या, २०१२ मध्ये त्याचा संपर्क तुटल्यावर जर्मनीच्या टीरा रडारने जमिनीवरून याच पद्धतीने त्याचे फोटो काढले होते.