कथेतली जागा नुसती दिसून उपयोग नाही, ती आडवी आली पाहिजे

जागा ओळखीची घ्या, नसेल तर जाऊन बघून या, साल ठरवा आणि लिहायला बसा.

'पाचही इंद्रियांनी वर्णन करा' हा सल्ला मात्र सोडून द्या. त्यातूनच ती ठरलेली सुरुवात येते, लाकडी जिना, पोपडे आलेली भिंत, कुठूनतरी फोडणीचा वास, आणि पान संपलं तरी कोणी काही केलेलंच नसतं.

खरी गोची जागेला कामाला लावण्यात आहे, मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला. आता मी एवढंच बघतो की या माणसाला आत्ता काय हवंय आणि ही जागा त्याला ते करू देते का. समजा मुंबईत वरळीची बीडीडी चाळ (ब्रिटिश काळात सरकारने बांधलेली), १९८२, कापड गिरण्यांचा संप चालू आहे, नवरा गिरणी कामगार. खोली १६० चौरस फुटांची, त्यात सासू-सासरे, दीर, पोरं. बाईला नवऱ्याशी मंगळसूत्र गहाण टाकायचं बोलायचंय. बोलणार कुठे? खोलीत सासू बसलेली, दिवसाढवळ्या दार लावलं तर शेजारी विचारणार, बाहेर पॅसेजमध्ये दोन्हीकडची दारं उघडी (आणि हो, बीडीडीत गॅलरी लिहू नका, मधे पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या असतात). म्हणजे एकतर सगळे झोपल्यावर अंधारात कुजबुजणार, नाहीतर समुद्रावर जायचं काहीतरी निमित्त काढणार, नाहीतर न बोलता एकटीच सोनाराकडे जाऊन येणार. तिसरं केलंत तर पुढची अख्खी कथा मिळाली, आणि ती त्या खोलीनेच दिली, भिंतीचा रंगही सांगावा लागला नाही.

दुसरं, तिला काय दिसतं ते लिहा, तुम्हाला काय दिसतं ते नाही. वर्षानुवर्षं राहणाऱ्या बाईला जिना दिसतच नाही हो! तिला बदललेलं दिसतं, म्हणजे गिरणीच्या पाळीचा भोंगा वाजत नाही, नवऱ्याचा डबा खिळ्याला तसाच लटकलाय, आणि तो सकाळी दहा वाजता घरात आहे. त्याच चाळीत कालच लग्न होऊन आलेली मुलगी असेल तर ती आधी संडास कुठेय ते बघेल.

बोलीभाषा बेताने वापरा.

शेवटी जागेचं एकेक वाक्य काढून बघा. त्याशिवायही पात्रं तशीच वागत असतील तर ते गेलं, मूड वगैरे मला सांगू नका. पावसाची बहुतेक वाक्यं इथेच जातात.