डिटेक्टिव्ह लावताय? या चुका टाळा

मुलीचं लग्न ठरतंय म्हणून मुलाची चौकशी, घटस्फोटाच्या दाव्यासाठी पुरावा, नाहीतर अंबडच्या कारखान्यातून माल कुठे गायब होतोय त्याचा छडा. नाशिकमध्ये डिटेक्टिव्हकडे जाणाऱ्यांची कामं साधारण अशीच. आपल्याला जे करता येत नाही ते त्याला करता येतं, असं मात्र सगळे धरून चालतात. कायद्याने त्याचे अधिकार तुमच्या-माझ्याइतकेच.

‘सरकारमान्य’ पाटीला भुलू नका. २००५चा खासगी सुरक्षा एजन्सीचा कायदा पहारेकरी पुरवणाऱ्यांसाठी आहे. डिटेक्टिव्हांसाठी २००७ साली राज्यसभेत विधेयक आलं, पण त्याचा कायदा झालाच नाही. दाखवतात ती गुमास्त्याची किंवा जीएसटीची नोंदणी. ती असावीच, पण ती धंदा करण्यापुरती.

सगळ्यात महागात पडणारं वाक्य म्हणजे, ‘तेवढा सीडीआर काढून द्या ना.’ कुणी कुणाला किती वाजता फोन केला, त्या वेळी मोबाइल कुठल्या टॉवरखाली होता, हे सगळं त्यात येतं. तो मागवण्याचा अधिकार पोलिसांना आणि न्यायालयाला. २०१८मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विक्रीच्या प्रकरणात खासगी डिटेक्टिव्हांना अटक केली होती. शिवाय पैसे देऊन काम सांगणारा ‘मला काय माहीत’ म्हणून सुटेलच असं नाही. सरळ मार्ग म्हणजे वकिलामार्फत न्यायालयाकडे अर्ज. टेलिकॉम कंपन्यांना हा तपशील किमान २ वर्षं ठेवावा लागतो, त्यामुळे अर्ज लवकर करा.

तसंच बँक स्टेटमेंटचं. पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्येच घालून दिलंय. मग चोरून आणायचं कशाला?

आता मोबाइलमधलं पाळत ठेवणारं ॲप. बायको स्वयंपाकघरात गेली की पाच मिनिटांत टाकून घ्या, असं सांगणारे आहेत. ‘सिम माझ्या नावावर, बिल मी भरतो’ ही सबब चालत नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६खाली गुन्हा, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाईच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८मध्ये ‘पाठलाग’ धरलंय, आणि तिथे नवऱ्याला वेगळी सूट नाही. ॲप टाकून बसला असाल तर त्यातला मजकूर नातेवाइकांत फिरवू नका. आधी वकिलाला खरं काय ते सांगा.

१४ जुलै २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा हवाला हल्ली जो तो देतो. नवरा-बायकोपैकी एकाने गुपचूप रेकॉर्ड केलेलं आपसातलं बोलणं घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून घेता येईल, एवढंच तो म्हणतो. त्यावरून डिटेक्टिव्हने बेडरूममध्ये माइक लावावा असं निघत नाही.

पोलीस किंवा आयकर विभागाचा माणूस म्हणून कुणाला पाठवू नका. सरकारी नोकर असल्याचं सोंग घेणं हा वेगळा गुन्हा आहे.

मग उरतं काय? बरंच उरतं. कॉलेज रोडवर उघड्यावर दिसलेलं टिपणं, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलणं, आणि सरकारी नोंदी. गंगापूर रोडचा फ्लॅट खरंच मुलाच्या नावावर आहे का, हे इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) सांगतो. द्राक्षबागेचं सातबारा सांगतो. कोर्टात काही चालू असेल तर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर नाव टाकून पाहता येतं. यातलं निम्मं घरबसल्या जमतं, त्याचे हजारो रुपये मोजायची गरज नाही.

फोटो काढून झाले की ते व्हॉट्सॲपवर मागवून समाधानी राहू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं, हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदललेली नाही हे ताडून पाहायचा तिचा सांकेतिक ठसा). जुन्या कायद्यातलं ६५ब हे त्याचंच आधीचं रूप. जालन्याच्या निवडणूक खटल्यात २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आवश्यक ठरवलं. म्हणून मूळ मेमरी कार्ड जपून ठेवायला लावा आणि प्रमाणपत्रावर सही कोण करणार ते आधीच ठरवा. फोटो ज्याने काढले त्याला साक्षीला उभं राहावं लागू शकतं, उलटतपासणी सोसावी लागते. रोख घेऊन बिल न देणारा डिटेक्टिव्ह कोर्टात यायला सहसा तयार नसतो, तेव्हा हे ॲडव्हान्स देण्यापूर्वीच विचारून लेखी घ्या.