तगरीवरच्या हिरव्या अळीला औषध मारू नका
तगरीची पानं भराभर गायब होताहेत आणि खाली काळ्या लेंड्या पडल्यात तर नीट शोधा, बोटाएवढी हिरवी अळी सापडेल, पुढे हिचाच पतंग होतो, डोक्यामागे दोन निळे डोळे दिसतात ते खरे नाहीत, पक्ष्यांना घाबरवायला आहेत. प्लीज फवारणी नको, झाड परत फुटतं! पाळायची तर मोठ्या बरणीत रोज ताजी तगरीचीच पानं द्या, वर जाळीचं कापड. अळी तपकिरी पडून सैरभैर फिरायला लागली म्हणजे आजारी नाही, कोषाची वेळ झाली, मग तळाला माती न सुका पालापाचोळा टाका आणि अजिबात हात लावू नका. एक उभी खडबडीत काडी मात्र हवीच, पतंग बाहेर आल्यावर लटकायला जागा नसेल तर पंख कायमचे वाकडे राहतात बिचाऱ्याचे.