नेट बंद पडलं? रीसेटच्या भोकात पिन घालण्याआधी हे बघा

घरच्या कॉम्प्युटरवर नेट बंद झालं की बऱ्याच जणांचा हात आधी राउटरमागच्या त्या बारीक भोकाकडे जातो. तिथे पिन घालू नका. फॅक्टरी रीसेट केल्यावर कंपनीच्या माणसाने भरलेला यूजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (कंपनीच्या लाइनवर जोडून घ्यायला लागणारा आकडा) पुसला जाऊ शकतो. मग पाच मिनिटांत सुटला असता असा घोळ माणूस घरी येईपर्यंत लांबतो. नुसतं बंद-चालू करायला हरकत नाही. अडॅप्टर काढा, ३० सेकंद थांबा, परत लावा आणि दोन-तीन मिनिटं काही करू नका. डब्याला, म्हणजे राउटरला, लाइनशी जोडून घ्यायला तेवढा वेळ लागतोच.

त्या वेळात मोबाइल हातात घ्या. मोबाइल डेटा बंद करा (चालू राहिला तर फोन गुपचूप तेच वापरतो आणि फसगत होते), घरच्या वायफायवर या आणि एखादी साइट उघडा. उघडली तर दोष कॉम्प्युटरचा. नाही उघडली तर दोष डब्याचा, लाइनचा किंवा संपलेल्या रिचार्जचा. रिचार्जची तारीख आधीच बघून घ्या, नंतर ओशाळायला नको.

फायबरच्या डब्यावर दोन दिवे महत्त्वाचे. ‘पॉन’ (PON) हिरवा आणि स्थिर असेल तर लाइन जोडलेली आहे. तो लुकलुकत असेल तर डबा अजून जोडायचा प्रयत्न करतोय. ‘लॉस’ (LOS) लाल झाला की काचेच्या तारेतून उजेडच पोचत नाही. अशा वेळी कॉम्प्युटरला हात लावून उपयोग नाही. पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कपाटाच्या दाराखाली दबलीय का, खिळ्यावर करकचून वळवलीय का, एवढं बघा. वेटोळं बांगडीपेक्षा लहान नको, काच तुटली नाही तरी उजेड वळणातून बाहेर गळतो. हिरवं टोक सैल असेल तर ‘टक्’ आवाज येईपर्यंत आत ढकला. काढलंच तर टोकात डोळा घालून बघू नका, कारण आतला लेझर दिसत नसला तरी असतो. संक्रांतीच्या ‘ओ काट’नंतर दिवा लाल झाला असेल तर गच्चीवर केबलला मांजा गुंडाळलाय का ते बघा, पण ओढू नका.

नागपूरच्या उन्हाळ्याची आणखी एक खोडी आहे. कूलर आणि राउटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर असले की कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडतं आणि राउटर परत पहिल्यापासून सुरू होतो. ‘दर तासाला नेट जातं’ या तक्रारीमागे कधी कधी एवढंच निघतं. राउटरला वेगळा सॉकेट द्या. तो कूलरच्या मागेही ठेवू नका: तिथे ओल असते आणि पत्र्याची बॉडी वायफाय अडवते. अडॅप्टर थकला असेल तर दिवे लागतात पण डबा सारखा रीस्टार्ट होतो. बदलताना जुन्याच्या लेबलवरचा व्होल्ट तोच घ्या, अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो.

आता मोबाइलवर नेट आहे, फक्त कॉम्प्युटरवर नाही असं धरू. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही कमांड द्या. कमांड आणि आकडे इंग्रजीतच टाइप करायचे, हे वेगळं सांगायला नको. आयपीचा पत्ता (नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा नंबर) १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, कॉम्प्युटरने स्वतःच एक धरून ठेवलाय. लॅन केबल काढून घट्ट बसवा किंवा वायफाय ‘फर्गेट’ करून पासवर्ड परत टाका. पत्ता १९२.१६८ वगैरे ठीक दिसत असेल तर पायरीपायरीने पिंग करा, म्हणजे ‘ping’ आणि पुढे पत्ता टाइप करून तिकडून उत्तर येतं का बघा. आधी त्याच यादीतल्या ‘डिफॉल्ट गेटवे’ला, म्हणजे राउटरच्या पत्त्याला, उत्तर आलं म्हणजे राउटरपर्यंतचा रस्ता ठीक. मग ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला. इथूनही उत्तर येतं पण साइट उघडत नाही, तर बहुतेक डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) अडलाय. विंडोजमधल्या नेटवर्क ॲडॅप्टरच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा. तरी नाही जमलं तर सेटिंगमध्ये प्रॉक्सी चालू राहिलाय का, कुठला व्हीपीएन अर्धवट बंद झालाय का ते बघा (दोन्ही नेट मधल्या दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवतात).

जुन्या डेस्कटॉपवर सगळं ठीक असूनही प्रत्येक साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत असेल तर आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचा. लाइट गेल्यावर घड्याळ मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा गोल सेल संपलाय. तो सीआर २०३२, ३ व्होल्टचा असतो. पॉवर केबल काढून, सेलची अधिक खूण वर ठेवून बसवा आणि तारीख नीट लावा. तारीख चुकली की साइटचं प्रमाणपत्र कॉम्प्युटरला मुदत संपलेलं किंवा अजून लागू न झालेलं वाटतं.

वादळ-गडगडाटानंतर लॅन पोर्टचा दिवाच लागत नसेल, केबल बदलूनही, तर पोर्ट जळाला असण्याचा संभव मोठा. काचेतून वीज येत नाही, पण गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या लॅन केबलमधून येते. मदरबोर्ड बदलायची घाई नको. यूएसबीचा लॅन अडॅप्टर किंवा वायफाय डोंगल नागपूरच्या बर्डी बाजारात मिळतं, त्यावर काम भागतं.

दोष लाइनचाच ठरला तर तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नका. ‘लॉस लाल आहे, सकाळी सव्वादहापासून, वायर आणि अडॅप्टर तपासले’ असं सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. माणूस आला की पॉवर मीटरचा (वायरमधला उजेड मोजायच्या यंत्राचा) आकडा दाखवायला सांगा. नेहमीच्या जीपॉन (घरगुती फायबरच्या) डब्याला उणे २७ डीबीएमपर्यंत उजेड चालतो (डीबीएम हे उजेडाच्या ताकदीचं माप, उणे आकडा मोठा तितका उजेड कमी), पण आकडा उणे २६च्या आसपास, म्हणजे मर्यादेला टेकलेला दिसला तर जोड परत करून द्यायला सांगा.