चुंबकाने औषधकण खेचण्याचे सिम्युलेशन कसे उभारावे

औषध बसवलेले मॅग्नेटाइटचे (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे) कण रक्तात सोडून बाहेरच्या चुंबकाने ते गाठीजवळ रोखता येतील का, हे संगणकावर तपासायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि तिचे नमपाय हे आकडेमोडीचे संच पुरतात. 100 मायक्रोमीटर व्यासाची, 1 मिलिमीटर लांबीची सरळ नळी रक्तवाहिनी म्हणून घ्यावी. प्रवाहाचा सरासरी वेग सेकंदाला 5 मिलिमीटर, मध्यावर त्याच्या दुप्पट आणि भिंतीशी शून्य ठेवावा. रक्ताची श्यानता (वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) 0.0035 पास्कल-सेकंद धरावी. इतक्या अरुंद नळीत ती प्रत्यक्षात कमी भासते, पण ती सुधारणा मागाहून करता येते.

खरी मेहनत चुंबकीय बलावर घ्यावी. कणाचे आकारमान, त्याचे चुंबकन (तो किती चुंबकित झाला आहे) आणि चुंबकीय क्षेत्राची प्रवणता (अंतरागणिक ते किती बदलते) यांचा गुणाकार म्हणजे हे बल. मायक्रोमीटरभर व्यासाच्या गोल कणाचे चुंबकन बाह्य क्षेत्रतीव्रतेच्या तिप्पट घ्यावे, मात्र मीटरला सुमारे 4.5 लाख अँपिअर या संपृक्त, म्हणजे कमाल, मूल्यापुढे जाऊ देऊ नये. सगळीकडे संपृक्त मूल्यच टाकले की उत्तर फसवे आणि सुखद येते. 10 मिलिमीटर त्रिज्येच्या, 20 मिलिमीटर लांबीच्या, 1.2 टेस्ला अवशिष्ट (कायम टिकणाऱ्या) चुंबकत्वाच्या निओडिमियमच्या दंडगोल चुंबकाच्या अक्षावर 1 सेंटिमीटर अंतरावर प्रवणता मीटरला सुमारे 19 टेस्ला असते, तर 3 सेंटिमीटरवर जेमतेम 1.4, त्यातच चुंबकनही घटत असल्याने कणाचा चुंबकाकडे सरकण्याचा वेग सेकंदाला 100 मायक्रोमीटरवरून 1 मायक्रोमीटरवर येतो.

कणाचे जडत्व खुशाल वगळावे, कारण तो 0.1 मायक्रोसेकंदाच्या आतच प्रवाहाशी जुळवून घेतो. प्रवाहाच्या वेगात बल भागिले स्टोक्सचा रोधगुणांक (द्रव कणाला किती अडवतो त्याचे माप) एवढे मिळवले की कणाचा वेग मिळतो. कण 10 नॅनोमीटरचा असेल तर चुंबकनासाठी लँजव्हँचे सूत्र वापरावे; उष्णतेच्या हालचालीमुळे चुंबकन किती कमी पडते ते त्यात धरलेले असते. त्याचा सरकण्याचा वेग सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो, उलट ब्राउनीय गतीने, म्हणजे द्रवाच्या रेणूंच्या धक्क्यांनी, तो सेकंदात 5 मायक्रोमीटर भटकतो, म्हणून गणनेच्या प्रत्येक कालपायरीला यादृच्छिक विस्थापन जोडणे अपरिहार्य आहे.

कण नळीच्या तोंडाशी समान विखरू नयेत. जिथे प्रवाह जास्त तिथे कणही त्या प्रमाणात जास्त सोडावेत, नाहीतर भिंतीलगतचे मंद कण अडकलेल्यांचे प्रमाण फुगवतात. ब्राउनीय गती आणि चुंबक दोन्ही बंद केल्यावर एकही कण भिंतीला लागता कामा नये, आणि कालपायरी निम्मी केल्याने उत्तर हलता कामा नये. स्थिर बाह्य चुंबक शरीराच्या आत खोलवर एका बिंदूपाशी असे कण स्थिर धरू शकत नाही, हे अर्नशॉच्या सिद्धांतावरून निघते. तेव्हा चुंबकापासून दूर, ऊतीच्या मधोमध पुंजका दिसला तर आधी प्रवणतेचे चिन्ह तपासावे.