दिव्यांग प्रमाणपत्र नाकारले किंवा टक्केवारी कमी आली? अपील करताना या चुका टाळा

प्रमाणपत्रावर ४० ऐवजी ३८ टक्के लिहून आले की त्या दोन टक्क्यांपायी किती गोष्टी हातच्या जातात, हे ज्याच्या घरात दिव्यांग व्यक्ती आहे त्याला सांगावे लागत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दिव्यांगांना मिळणारे अर्थसहाय्य ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये झाले असले, तरी त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेला तर ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब, अशा दोन्ही अटी आहेत. त्यामुळे निर्णय विरोधात गेला की अपील करावे, हा विचार योग्यच आहे. मात्र बरीच अपिले बाजू खोटी असल्यामुळे नव्हे, तर ती चुकीच्या जागी, चुकीच्या मुद्द्यावर आणि अर्धवट कागदांनिशी केल्यामुळे बाद होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आपल्याविरुद्ध निर्णय नेमका कोणी दिला, हे न पाहणे. दिव्यांगत्व आहे की नाही आणि किती टक्के आहे, हे वैद्यकीय प्राधिकारी ठरवतात, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत सिव्हिल हॉस्पिटलमधील मंडळ. अनुदान द्यायचे की नाही, हा निर्णय मात्र तहसील कार्यालयाच्या पातळीवर होतो. टक्केवारी कमी आली म्हणून तहसीलदारांना कितीही निवेदने दिली, तरी त्यांना त्या आकड्यात बदल करता येत नाही. उलट प्रमाणपत्र बिनचूक असताना अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावर अडकला असेल, तर हॉस्पिटलच्या चकरा मारणे व्यर्थ आहे. संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्न मर्यादा ५०,००० रुपये आहे आणि राज्यातील किमान पंधरा वर्षांच्या वास्तव्याचीही अट आहे. नकाराचे कारण यांपैकी एखादे असेल, तर योग्य दाखला जोडून पुन्हा अर्ज करणे हाच सहसा जवळचा मार्ग ठरतो आणि अपिलाची गरजही पडत नाही.

दुसरी चूक पहिलीच्याच पोटातली आहे. कॅम्पमध्ये किंवा ओपीडीच्या खिडकीवर कोणीतरी ‘तुमचे बसत नाही’ असे म्हणते आणि माणूस घरी परततो. तोंडी नकाराविरुद्ध अपील करता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५८ नुसार तपासणीनंतर प्राधिकाऱ्याने एकतर प्रमाणपत्र द्यायचे असते किंवा दिव्यांगत्व नसल्याचे लेखी कळवायचे असते, तिसरा पर्याय कायद्यात नाही. म्हणून लेखी उत्तर मागावे, तेही अर्ज देऊन, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेऊन. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या ‘स्वावलंबन’ या सरकारी संकेतस्थळावर अर्ज केला असेल, तर तेथे दिसणाऱ्या स्थितीची छापील प्रत तारखेसह काढून ठेवावी. त्यानंतर मूल्यमापनाच्या कागदांच्या प्रती मागाव्यात. त्या सरळ मिळाल्या नाहीत, तर माहिती अधिकारात अर्ज करावा, ज्याला सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मंडळाने कोणती चाचणी केली आणि कोठे किती गुण धरले, हे हाती आल्याशिवाय लिहिलेले अपील अंधारात लिहिलेले असते.

मुदतीबाबतही ढिलाई नको. अपिलाची तरतूद याच अधिनियमाच्या कलम ५९ मध्ये आहे. मुदत, पद्धत आणि अपिलीय प्राधिकारी ठरवण्याचे काम त्या कलमाने राज्य सरकारांवर सोपवले आहे. मुदत किती आणि अपील कोणाकडे, हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाला त्याच आठवड्यात लेखी विचारावे आणि उत्तराची वाट पाहत न बसता निर्णय मिळाल्यापासून महिन्याच्या आत अपील दाखल करण्याच्या बेताने कामाला लागावे. माहिती अधिकारातून कागद येण्यास वेळ लागत असेल, तर आधी अपील दाखल करून ‘मूल्यमापनाच्या प्रती मिळताच सविस्तर मुद्दे सादर करीन’ असे त्यातच नमूद करावे.

आता अपिलाच्या मजकुराविषयी, कारण खरी गफलत येथेच होते. ‘घरात कमावणारे कोणी नाही, मुलीचे लग्न व्हायचे आहे, कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ अशा ओळींनी अपील भरून जाते. या ओळी खऱ्या असतात, पण टक्केवारी गरिबीवरून ठरत नाही. ती केंद्र सरकारच्या मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचनांवरून ठरते, ज्या ४ जानेवारी २०१८ रोजी प्रसिद्ध झाल्या आणि मार्च २०२४ मध्ये सुधारल्या गेल्या. या सूचनांनुसार पायाच्या दिव्यांगत्वात सांधा किती वाकतो आणि स्नायूंत किती ताकद आहे एवढेच मोजले जात नाही. सपाट जागेवर आणि उतारावर चालणे, जिना चढणे, दुखऱ्या पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालून बसणे, गुडघे टेकणे, वळणे, अशा हालचालीही पाहिल्या जातात. तपासणीत यांतील निम्म्या गोष्टी करून पाहिल्याच गेल्या नसतील, तर अपिलाचा मुद्दा तोच आहे. तो असा लिहिता येईल: ‘माझ्या उजव्या पायाची तपासणी मला खुर्चीवर बसवून करण्यात आली. उकिडवे बसणे, जिना चढणे व उजव्या पायावर उभे राहणे यांची चाचणी घेण्यात आली नाही. तरी या बाबींसह फेरतपासणी व्हावी.’ चार पानांच्या विनवणीपेक्षा या तीन वाक्यांना वजन अधिक असते.

मानसिक आजाराच्या बाबतीत कुटुंबीयांच्या हातून अगदी वेगळी चूक होते आणि तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. येथे ‘आयडियाज’ ही मोजपट्टी वापरली जाते. तिच्यात स्वतःची काळजी घेणे, इतरांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम, या चार क्षेत्रांना गुण दिले जातात आणि गेल्या दोन वर्षांत आजार किती महिने होता, याचे गुण त्यांत मिळवले जातात. एकूण गुण सात झाले की दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक धरले जाते; सहा गुणांवर ते त्याच्या आतच राहते. तपासणीच्या दिवशी आई मुलाची दाढी करवून, इस्त्रीचा शर्ट घालून त्याला नेते, डॉक्टरांच्या प्रश्नांना त्याच्या वतीने उत्तरे देते आणि चारचौघांत लाज नको म्हणून ‘तसा तो घरी सगळे करतो’ असेही म्हणून जाते. अंघोळीसाठी रोज चार वेळा मागे लागावे लागते, हे कोणाच्या कागदावर येतच नाही. म्हणून अपिलाबरोबर दोन वर्षांचे ओपीडीचे कागद, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, दाखल केल्याची कार्डे, सुटलेल्या नोकरीचा एखादा पुरावा आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीचे दैनंदिन मदतीविषयीचे साधे, सहीचे निवेदन जोडावे. आहे तेच लिहावे, वाढवून लिहू नये. फुगवलेली हकिगत आणि जुने केसपेपर यांचा मेळ बसला नाही, की खऱ्या भागावरचा विश्वासही उडतो.

काही वेळा मात्र अपील करूनही उपयोग नसतो आणि हे स्पष्ट सांगणारा माणूस भेटणे कठीण. एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेलेली आणि दुसरा डोळा चांगला असेल, तर मार्गदर्शक सूचनांच्या तक्त्यात त्याला ३० टक्केच आहेत. मंडळ बदलले तरी आकडा तोच राहणार. श्रवणदोषासाठी कायद्याच्या अनुसूचीत दोन्ही कानांची अट आहे, त्यामुळे एकाच कानाच्या बहिरेपणावर अपील टिकत नाही. हे नियम अनेकांना अन्यायकारक वाटतात, मलाही त्यांतील पहिला तसाच वाटतो, पण ती नियम बदलण्याची मागणी झाली आणि ती अपिलीय प्राधिकाऱ्यापुढे मांडून काही साधत नाही. दोन वेगवेगळी दिव्यांगत्वे असतील, तर त्यांच्या टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, ते सूत्राने एकत्र केले जातात. तेव्हा ‘तीस अधिक वीस पन्नास झाले पाहिजेत’ हा मुद्दा मांडू नये. दुसरे दिव्यांगत्व तपासलेच गेले नाही, हा मुद्दा मात्र भक्कम आहे.

अपील टाळून दुसऱ्या जिल्ह्यातून नवा अर्ज भरणे किंवा ‘टक्के वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला गाठणे, हे तर निव्वळ धोक्याचे. दिव्यांगांसाठीचे लाभ लबाडीने घेतल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि तेव्हा एजंट सापडत नाही.

उत्तरच येत नसेल किंवा लेखी कारण देण्यास टाळाटाळ होत असेल, तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. ती अपिलाला पर्याय नाही, दोन्ही सोबत चालू द्यावे. वकिलाच्या खर्चाची धास्ती असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्ती मोफत विधी साहाय्यास पात्र आहे आणि त्यासाठी तिला उत्पन्नाची मर्यादा लागू नाही. ही सोय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते, तरी फार थोडे लोक तिच्यापर्यंत पोहोचतात.

अपील मंजूर होऊन नवे प्रमाणपत्र हाती आले, की त्यावरील नाव, जन्मतारीख आणि वैधतेची मुदत तेथल्या तेथे आधार कार्डाशी ताडून पाहावी, कारण तात्पुरत्या प्रमाणपत्राची तारीख उलटली की सारा खटाटोप पुन्हा करावा लागतो. सुधारलेली टक्केवारी तहसील कार्यालयाला आपोआप कळेल, असे गृहीत धरू नये. नव्या प्रमाणपत्राची प्रत जोडून अनुदानाचा अर्ज पुन्हा द्यावा, बँक खाते आधारशी जोडलेले आहे ना हे बँकेत विचारून घ्यावे आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.