डायलिसिसवर असलेल्या माणसाला कोरोना झाला तर काय करायचं, कोकणातल्या घरांसाठी

घाईत असाल तर एवढंच वाचा. कोरोना झाला म्हणून डायलिसिस चुकवायचं नाही. ताप असूदे, खोकला असूदे, टेस्ट पॉझिटिव्ह असूदे, डायलिसिस व्हायलाच पाहिजे. बाकीच्या माणसांना आपण सांगतो ना, घरात बस, भरपूर पाणी पी, शहाळं घे, काढा घे, आठवडाभर कुठे जाऊ नको, त्यातलं जवळजवळ सगळं डायलिसिसच्या पेशंटला उलटं पडतं. मला हे माहीत नव्हतं म्हणून सगळं नीट लिहून ठेवतेय.

आमच्या बाबांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, मंगळवार आणि शुक्रवार, गावातून सेंटरला जायला दीड तास. मे २०२१ मध्ये, दुसरी लाट जोरात होती तेव्हा, त्यांना झाला. ताप असा नव्हताच, ९९ च्या आसपास, फक्त जेवण जाईना आणि दिवसभर झोपून. विचारलं तर म्हणायचे "माका काय झालेला नाय गो, वायच दमाक झाला." सेंटरला फोन केला तर तिकडून उत्तर आलं की निगेटिव्ह रिपोर्ट असल्याशिवाय आणू नका. आम्ही घाबरून घरी बसलो. शेजारच्यांनी मायेने शहाळी पाठवली आणि मी दिवसाला तीन-तीन पाजली. चौथ्या दिवशी पायातली ताकद गेली, उठवेना, धाप लागली. जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं तर पोटॅशियम खूप वाढलेलं होतं, तिथे रात्री डायलिसिस झालं म्हणून बाबा आज आहेत. कोरोनाने जेवढं केलं नाही तेवढं त्या चार दिवसांनी आणि माझ्या शहाळ्यांनी केलं असतं.

तर पहिली गोष्ट, लक्षण ओळखणं. किडनी गेलेल्या माणसाचं अंग आधीच थोडं थंड असतं, प्रतिकारशक्तीही कमी, त्यामुळे १०२ ताप येईल मग बघू असं थांबू नका. नेहमीचं तापमान किती असतं ते बरं असतानाच लिहून ठेवा. अंग गळून जाणं, भूक जाणं, जुलाब, डायलिसिस चालू असताना नेहमीपेक्षा जास्त बीपी पडणं, थोडा गोंधळल्यासारखं बोलणं, एवढ्यावर टेस्ट करून घ्या. घरी करायचं किट मेडिकलमध्ये मिळतं, पण ते निगेटिव्ह आलं आणि त्रास चालूच असेल तर त्यावर विसंबू नका, आरटीपीसीआर करा.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. ज्यांच्या गळ्यात किंवा छातीत लाइन आहे म्हणजे कॅथेटर, त्यांना थंडी वाजून ताप आला, खास करून डायलिसिस सुरू झाल्यावर तासाभरात हुडहुडी भरली, तर तो लाइनचा इन्फेक्शन असू शकतो. तो रक्तात पसरतो आणि वाट बघत नाही. घरात सगळ्यांना कोरोना आहे म्हणून याचाही कोरोनाच असं गृहीत धरलं की घात होतो. त्याच दिवशी डॉक्टरला सांगा, ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ती तपासणी, घ्यायला सांगा.

दुसरं, सेंटरला आधी फोन करायचा, तिथे जाऊन मग सांगायचं नाही. लपवायचं तर अजिबातच नाही. मला कळतं का लपवतात, परत पाठवतील ही भीती असते, आमच्यावर तेच आलं. पण त्या हॉलमध्ये दहा-बारा खाटा लागून लागून असतात, चार-चार तास सगळे एका हवेत, आणि सगळेच तितकेच नाजूक. युरोपातल्या पहिल्या लाटेच्या नोंदींमध्ये डायलिसिसवरच्या कोरोना पेशंटपैकी साधारण पाचातला एक महिनाभरात गेला. शेजारच्या खाटेवरचे काका पण कोणाचे तरी बाबा आहेत.

फोनवर सरळ विचारा, शेवटच्या शिफ्टला घेता का, कोपऱ्यातलं वेगळं मशीन आहे का, नाहीतर पॉझिटिव्ह पेशंटचं डायलिसिस जिल्ह्यात कुठे होतं ते सांगा आणि तिकडे तुम्हीच बोलून द्या. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच डायलिसिससाठी वेगळ्या सूचना काढल्या होत्या, त्यात पॉझिटिव्ह पेशंटचं कसं करायचं हे दिलेलं आहे. म्हणजे तुम्ही काही वेगळं मागत नाही आहात. फोनवर नाही म्हणाले तर तिथेच थांबू नका, जिल्हा रुग्णालयाला फोन करा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिस होत असेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे त्या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला गाठा, गावातल्या आशाताईंना सांगा, त्यांना कुठे काय चालू आहे ते बरंच माहीत असतं. धाप लागत असेल तर मात्र फोनाफोनी बंद आणि १०८ ला फोन.

जाताना गाडी वेगळी करा. आपल्याकडे एका बाजूच्या गावांतले तीन-चार पेशंट मिळून एकच गाडी करतात, पैसे वाटून घेतात, चांगलंच आहे ते, पण कोरोनात तीच गाडी सगळ्यांना देते. गाडीच्या काचा खाली, पेशंटला आणि ड्रायव्हरला एन९५ मास्क, पाऊस असला तरी काच दोन बोटं उघडी. मशीनमधून कोरोना लागेल का अशी काहींना भीती असते. तसं नाही, तो श्वासातून पसरतो, म्हणून मास्क चारही तास तोंडावर. तिथे बसून चहा-बिस्किट खायची सवय असते ती त्या दिवसांत बंद ठेवा.

आता खाणंपिणं, इथे जास्त वेळ घालवते कारण चुका इथेच होतात आणि त्या प्रेमाने होतात.

शहाळं नाही. एका शहाळ्यात एका केळ्याएवढं किंवा जास्तच पोटॅशियम असतं, आणि ते बाहेर टाकणारी किडनी आपल्याकडे नाही. मोसंबीचा रस, टोमॅटोचं सार, फणस, आंबा, काजूची बोंडं, सगळं त्याच यादीत. मे महिना, घरात हापूसच्या पेट्या आणि पेशंटच्या तोंडाला चव नाही, मग आपल्याला वाटतं एक फोड खाऊदे. डायलिसिस वेळेवर होत असेल आणि डायटिशियनने परवानगी दिली असेल तर एखादी फोड, पण डायलिसिस चुकलं असेल तर तीही नाही. कमरख, आपल्याकडे करमळ म्हणतात ते आंबट पाच कडांचं फळ, ते तर डायलिसिसच्या माणसाने कधीच खायचं नाही, कोरोना असो नसो. त्याने न थांबणारी उचकी, भ्रमिष्टपणा, फिट येणं असं होतं, माणूस दगावतो सुद्धा.

पाणी. डॉक्टरांनी दिलेला आकडा कोरोनातही तोच, ताप आहे म्हणून आपल्या मनाने वाढवायचा नाही. साधारण हिशोब असा असतो की २४ तासांत जेवढी लघवी होते तेवढं आणि वर अर्धा लिटर, पण तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरचा. आणि आजारपणात आपण पेज देतो ना, ती पाण्यातच धरायची! काढा पण पाणी, चहा पण पाणी, सूप पण पाणी, गोळ्या गिळायचं पाणी पण पाणी. मी एक लिटरची बाटली भरून ठेवायचे, बाबांना दिवसभरात जे काही पातळ दिलं तेवढं पाणी त्यातून ओतून टाकायचं, बाटली संपली की संपलं. घसा सुकला तर चूळ भरून थुंकायची किंवा बर्फाचा छोटा खडा. पेजेऐवजी मऊ भात किंवा आटवल घट्टसर करून द्या. सुकट, खारा बांगडा, लोणचं, पापड बंद, मिठाने तहान लागते आणि मग माणूस ऐकत नाही.

जुलाब फार होत असतील तर उलट पाणी कमी पडू शकतं, बीपी पडून फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून हातात जोडलेली शीर, बंद पडतो. तेव्हा किती द्यायचं हे डॉक्टरला विचारा. ओआरएसचं पाकीट मनाने देऊ नका, त्यातही पोटॅशियम असतं.

भूक गेली तरी प्रोटीन चालू राहिलं पाहिजे. दोन अंड्यांचा पांढरा भाग, ताज्या माशाची एक-दोन तुकडी, थोडं थोडं करून पाच वेळा. बाबांना तळलेली मांदेली चालायची, बाकी काही बघवत नव्हतं, तर मांदेली दिली, कमी मीठ लावून.

गोळ्या. तापाला, अंगदुखीला पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरने सांगितलेल्या मापात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कॉम्बिफ्लाम वगैरे मेडिकलवाल्याने दिली तरी घेऊ नका, ज्यांना थोडी लघवी होते त्यांची तीही जाते आणि पोटात रक्तस्राव व्हायची भीती. व्हिटॅमिन सी च्या मोठ्या गोळ्या त्या काळात घरोघरी खाल्ल्या, डायलिसिसच्या माणसात त्याचं ऑक्झलेट होऊन शरीरात साठतं, तेव्हा नको. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम असतं.

कोरोनावरची औषधं डॉक्टरच देणार, पण तुम्हाला दोन गोष्टी माहीत असाव्यात. अँटिव्हायरल गोळ्या पहिल्या पाच दिवसांत सुरू झाल्या तरच उपयोग, म्हणून टेस्ट लवकर. त्यातल्या पॅक्सलोव्हिडचा डोस किडनीप्रमाणे कमी करावा लागतो आणि बीपीच्या, हृदयाच्या बऱ्याच गोळ्यांशी ती भांडते, म्हणून सगळ्या चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. रेमडेसिव्हिर किडनीच्या पेशंटला द्यायला आधी डॉक्टर कचरायचे, २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने डायलिसिसवाल्यांनाही डोस न बदलता देता येतं असं मान्य केलं. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड ऑक्सिजन लागणाऱ्यांसाठी आहे, घरी बसून कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नका, आणि शुगर असेल तर स्टिरॉइडवर असताना ती रोज तपासा.

ऑक्सिमीटर फिस्टुला नसलेल्या हाताच्या बोटाला लावायचा, फिस्टुलाच्या हाताला कधीकधी खोटा कमी आकडा येतो. ९४ च्या खाली गेला की डॉक्टरला फोन. धाप पाणी साठल्यामुळे आहे की कोरोनामुळे हे घरी ओळखता येत नाही. वजन वाढलंय, पाय सुजलेत, आडवं झालं की धाप वाढते, असं असेल तर पाण्याची शक्यता जास्त, पण दोन्ही एकदम असू शकतं. म्हणून रोज सकाळी त्याच काट्यावर वजन घ्या आणि वजन, बीपी, ऑक्सिजन एका वहीत लिहा. ती वही बघून जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत निर्णय घेतला होता.

अॅडमिट करावं लागलं तेव्हा, त्या लाटेत, आत आम्हाला सोडत नव्हते, आणि पेशंटला बोलायची ताकद नसते. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून प्लास्टिकमध्ये घालून फाइलला लावा: डायलिसिसचे वार, ड्राय वेट (म्हणजे जास्तीचं पाणी काढून झाल्यावरचं वजन) किती, फिस्टुला कुठल्या हाताला, त्या हाताला बीपी, सुई, सलाइन काही नको, हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट, चालू गोळ्या, नेफ्रॉलॉजिस्टचा म्हणजे किडनीच्या डॉक्टरचा नंबर, घरातल्या दोघांचे नंबर. आम्ही फिस्टुलाच्या हातावर पेनाने "सुई नको" असंच लिहिलं होतं. बाबांना रोज फोनवर विचारायचे, "थ्रिल लागता मा?" थ्रिल म्हणजे फिस्टुलावर बोटं ठेवली की लागते ती सुरसुर, ती बघून ते सांगायचे. ती सुरसुर लागली नाही तर लगेच सिस्टरना सांगायचं.

आपल्याकडचा पाऊस यात वेगळा धरावा लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कितीतरी दिवस लाइट नव्हती, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा रस्तेच राहिले नाहीत. रेड अलर्ट लागला की सेंटरला फोन करून डायलिसिस एक दिवस आधी घ्या. दरड पडून अडकलातच तर पाणी निम्म्यावर आणा, फळं आणि खारं पूर्ण बंद. पोटॅशियम उतरवायची पावडर मिळते, ती डॉक्टरकडून आधीच लिहून घेऊन घरात ठेवा, किती घ्यायची ते पण विचारून ठेवा. पोटाच्या डायलिसिसवाल्यांनी, म्हणजे जे पोटात औषधी पाणी सोडून घरीच डायलिसिस करतात त्यांनी, पावसाळ्यात त्या पाण्याच्या निदान दोन आठवड्यांच्या पिशव्या वरच्या माळ्यावर ठेवाव्यात.

घरातल्यांसाठी. गणपतीत, शिमग्याला, मे महिन्यात चाकरमानी येणारच, त्यांना येऊ नका म्हणवत नाही आणि म्हणूही नये. सर्दी-खोकला असलेल्याने ओटीवर बसावं, पेशंटच्या खोलीत जाऊ नये, पाया पडायला सुद्धा, आणि हे येण्याआधी फोनवर सांगून टाका. पेशंटला खिडकीची खोली द्या. २०२५ च्या मे-जूनमध्येही केसेस परत वाढल्या होत्या, म्हणजे हे संपलेलं नाही. लसीचं नेफ्रॉलॉजिस्टला विचारा, डायलिसिसवाल्यांत लसीचा जोर कमी चढतो आणि लवकर उतरतो, म्हणून त्यांच्यासोबत राहणाऱ्यांनी पण घेतलेली बरी. फ्लू, न्यूमोनिया आणि हिपॅटायटिस बी च्या लसींचं त्याच वेळी विचारून घ्या.

बरं झाल्यावर एक काम राहतं आणि ते बहुतेकांचं राहूनच जातं. आजारात मांस झडतं. बाबांचं ड्राय वेट ५८ होतं, कोरोनानंतरही मशीनवर ५८ लाच आणत होते, आकडा बरोबर आणि तरी रात्री झोपता येईना. खरं तर अंग चार किलोने उतरलं होतं आणि त्या जागी पाणी बसलं होतं. मी टेक्निशियनला म्हटलं, यांची पँट ढिली झालीये आणि वजन तेच कसं? मग डॉक्टरांनी तपासून हळूहळू, दर वेळी अर्धा किलो असं ५४ वर आणलं. म्हणून बरं झाल्यावर पहिल्याच डायलिसिसला ड्राय वेट परत ठरवून घ्या, आणि भूक लागून वजन वाढायला लागलं की महिन्याने पुन्हा.